जस्तावरची कुंदा

दिवाळी झाली की चार-पाच दिवसांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला निरोप येतो. खिडक्या बंद ठेवा, मुलांना खाली सोडू नका, सकाळचं चालणं काही दिवस नको. मग कुणीतरी हवेच्या प्रदूषणाचा आकडा टाकतं, दुसरा त्याहून मोठा आकडा टाकतो आणि दिवसभर तीच चढाओढ चालते. यंदाही निरोप आला. मी फोन उलटा ठेवला आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली. समोरचा टॉवर दिसत नव्हता. घसा खवखवायला लागला, डोळ्यांना पाणी आलं, पण खिडकी मी लावली नाही. शेजारच्या भाटियाबाई दारात येऊन म्हणाल्या, दीदी, ज़हर अंदर आ रहा है. मी म्हटलं, आने दो. त्यानंतर दोन दिवस त्यांनी मला लिफ्टमध्येही ओळख दिली नाही.

या मोसमाला आपल्याकडे नाव नाही. गाझियाबादेत मला एकतीस वर्षं झाली, पण दर नोव्हेंबरात पुण्याहून बहिणीचा फोन येतो आणि ती कौतुकाने विचारते, काय गं, मस्त धुकं पडलं असेल ना तिकडे, फोटो पाठव की. माझ्या डोक्यात तिडीक जाते. धुकं म्हणे. धुक्याला वास नसतो. ह्याला असतो. जळक्या पेंढ्याचा असतो, रबराचा असतो, भिजलेल्या राखेचा असतो. आणि मला एकटीला त्यात आणखी एक वास येतो, नाकात टोचणारा, नायट्रिक ॲसिडचा. ॲसिड माझ्या घरात कुठेही नाही हे मला कळतं. तरी येतो.

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसात मला पाठीमागे मिर्ची मॅडम म्हणायचे, आणि मला ते ठाऊक होतं, आणि मला ते आवडायचं. राग यायला लोकांना कारण लागतं. मला कारण नसलं तरी चालतं, पण माणूस लागतो. गेली दोन वर्षं तो माणूस कुंदा आहे.

कुंदा म्हणजे माझी मैत्रीण. एचिंग करायची. जाणकार मंडळी तिला मुद्राचित्रकार वगैरे म्हणतात; ती स्वतःला जस्तवाली म्हणायची, कारण तिचा सगळा संसार जस्ताच्या पत्र्यांशी. मूळची कोल्हापूरची. तिथेच चित्रकला शिकली, मग दिल्लीत एका शाळेत ड्रॉइंग टीचर झाली, आणि शाळा सुटली की उरलेला सगळा जीव गाझियाबादच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका तळमजल्याच्या खोलीत ओतायची. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, सवड झाली नाही. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. केस मधोमध भांग पाडून मागे घट्ट ओढलेले. चष्म्याची एक दांडी कायम दोऱ्याने बांधलेली. बोटांची टोकं पिवळी, ॲसिडने. मराठी मंडळींच्या कार्यक्रमांत बायका विचारायच्या, आज लोणचं घातलंत वाटतं? ती हो म्हणायची आणि वर कृतीसुद्धा सांगायची, तीही चुकीची.

आमची ओळख भांडणातून झाली. करोल बागेत मराठी लोकांचा गणपती बसायचा, तिथे मखराच्या मागच्या पडद्यावर मी सह्याद्रीचे डोंगर काढत होते. मी केंद्र सरकारच्या नकाशांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. कॉम्प्युटर यायच्या आधी डोंगराची उंची दाखवणाऱ्या रेषा आम्ही हाताने काढायचो, एकात एक, एकीला दुसरी न शिवता. ह्या अनोळखी बाईने मागे उभं राहून माझे डोंगर बघितले आणि म्हणाली, रेघ सरकारी आहे. मी म्हटलं, आणि तुमची? तिने खडू घेऊन बाजूला एक रेघ ओढली. मी म्हटलं, ही प्यायलेली आहे. ती इतकी हसली की गुरुजींनी पूजेची मांडामांड थांबवून आमच्याकडे बघितलं.

त्यानंतर माझे रविवार तिच्या खोलीवर जायला लागले. नवरा म्हणायचा, तुझं ऑफिस आठवड्याचे सात दिवस असतं का? मला स्वतःला काही करायचं नव्हतं तिथे. कागद भिजवून द्यायचा, चहा करायचा, ती काय काय कुरकुर करते ते ऐकायचं आणि दुप्पट कुरकुर करायची. तिचं छापायचं यंत्र तिने वस्तीतल्या एका लेथवाल्याकडून बनवून घेतलं होतं. तो उसाच्या चरकाचे रूळ बनवायचा. ह्या बाईंनी त्याला सांगितलं, असेच रूळ बनव, फक्त मोठे. तो तोंडात सुपारी धरून विचारात पडला आणि म्हणाला, मैडम, रस किसका निकालोगी? कोल्हापूर सोडून हजार मैल आली आणि शेवटी चरकच फिरवत बसली, असं मी तिला शंभरदा तरी ऐकवलं असेल.

एचिंग मला तिथे बसून बसून कळलं. जस्ताच्या घासलेल्या पत्र्यावर मेणाचा काळा थर द्यायचा. त्यावर सुईने चित्र काढायचं. सुई जिथे जाते तिथे मेण निघतं, आणि जस्त उघडं पडतं. मग पत्रा ॲसिडच्या ट्रेमध्ये ठेवायचा. ॲसिड उघडं जस्त खातं. जितका वेळ खाईल तितकी रेघ खोल, जितकी खोल तितकी छापल्यावर काळी. फिकट रेघा आधी खाऊन झाल्या की पत्रा बाहेर काढून त्यांच्यावर वार्निश फासायचं आणि उरलेल्या रेघांसाठी पुन्हा आत. खाताना रेघांवर बुडबुडे धरतात, ते कबुतराच्या पिसाने हलवत राहावे लागतात, नाहीतर रेघ तुटक होते. म्हणजे माणूस ट्रेवर वाकलेला. वाफ वर येते आणि माणूस खाली वाकलेला. कुंदाने हे तीस-बत्तीस वर्षं केलं.

ती घड्याळ लावायची नाही. बुडबुड्यांच्या आवाजावरून आणि वासावरून ओळखायची. नाक ट्रेपाशी नेऊन म्हणायची, अजून भूक आहे त्याला, खाऊ दे. मला तेव्हा ह्याचं कौतुक वाटायचं. मी पाहुण्यांना सांगायचे, बघा, आमची कुंदा नाकाने चित्र काढते. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

तिच्या खोलीत एकच नियम होता. ट्रेवरचं झाकण निघालं की खिडकी उघडी आणि दार उघडं. एक्झॉस्ट पंखा होता, पण तो कित्येक महिन्यांपासून जळलेला, आणि आज करते उद्या करते करत तो तसाच राहिला. म्हणून खिडकी. जानेवारीची थंडी असो, जूनची भाजणारी लू चालू असो, माकडं आत येऊन केळी नेवोत, खिडकी उघडी. बाकी कशातच शिस्त नसलेली बाई, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधणारी बाई, पण ह्या एका गोष्टीत ऐकायची नाही.

एका कॉलेजमधली तरुण शिक्षिका एकदा तिच्याकडे आली होती. गोड मुलगी. तिने सांगितलं, मॅडम, आता जगात हे ॲसिड बंद होत चाललंय, मोरचूद आणि मीठ पाण्यात घालून जस्त खाता येतं, वाफ नाही, काही नाही. मोरचूद म्हणजे आपले द्राक्षवाले फवारतात ते, निळं. कुंदाने ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि तिच्या समाधानासाठी एक पत्रा त्यात करूनही बघितला. मुलगी गेल्यावर दोन छापे माझ्यापुढे ठेवले, एक ॲसिडचा, एक मोरचुदाचा, आणि विचारलं, बोल. मी नकाशेवाली, माझी नजर रेघेवर पोसलेली. मोरचुदाची रेघ स्वच्छ होती, सारखी होती, आणि थोडी मऊ होती. मी म्हटलं, फरक दिसतो. तिने तो छापा फाडला आणि म्हणाली, रेघेला दात नाहीत. मोरचुदाचा डबा दुसऱ्या दिवशी लेथवाल्याच्या बायकोला दिला, कुंड्यांतल्या बुरशीसाठी.

दात म्हणे. मी कुणाकुणावर रागवायचं? त्या रेघेला ज्यांनी डोक्यावर घेतलं त्यांच्यावर? प्रदर्शनात वाइनचा ग्लास हातात धरून लोक तिच्या कामापुढे उभे राहायचे आणि म्हणायचे, काय साधना आहे. साधना. खोकल्याची उबळ आली की ती बाहेर जिन्यात जाऊन खोकून यायची, तोंड पुसायची आणि परत येऊन त्यांच्याशी बोलायची, आणि ते पुन्हा साधनेवर यायचे. एकानेही म्हटलं नाही की बाई, पंखा दुरुस्त करून घ्या. मीही फार वेळा म्हटलं नाही. कलावंताला त्रास असायचाच, त्याशिवाय काम कसं होणार, ही आपली आवडती समजूत. आणि ती फार सोयीची आहे, कारण त्रास त्याचा असतो आणि चित्र आपल्या भिंतीवर.

आता त्या मोसमाकडे येते. दोन वर्षं झाली त्याला. दिवाळी उलटली होती, हवा अशीच झाली होती, सूर्य सकाळी दहालाही विझल्यासारखा. मी नुकतीच रिटायर झाले होते आणि घरात सगळ्यांवर ओरडत होते. कुंदाचा फोन आला. म्हणाली, रिकामी आहेस तर ये, माझा चेहरा काढ.

मी आधी चेष्टा समजले. तीस वर्षांत तिने कुणाला आपला फोटोसुद्धा नीट काढू दिला नव्हता. प्रदर्शनाच्या कार्डावरसुद्धा फोटोच्या जागी पिवळ्या बोटांचा पंजा. मी विचारलं, आत्ताच काय आठवलं? म्हणाली, म्हातारी व्हायच्या आत काढून ठेव. मी म्हटलं, ती वेळ गेली, कुंदे. ती हसली, खोकली, आणि म्हणाली, मग उरली तेवढी काढ.

मी गेले. का गेले ते खरं सांगते. मैत्रिणीसाठी गेले असं मी इतरांना सांगते, पण मला हवं होतं. पस्तीस वर्षं मी सरकारचे डोंगर काढले, त्यातल्या एकाही नकाशावर माझं नाव नाही. आणि ही सांगत होती की पत्रा माझा, सुई माझी, चेहरा माझा, पण काम तुझं, सही तुझी. मी धावतच गेले.

आठवडाभर ती स्टुलावर बसली आणि मी मेणावर सुई चालवली. मला सावली घासून काढता येत नाही, मला फक्त रेघा येतात. म्हणून मी तिचा चेहरा डोंगरासारखा काढला, कपाळाच्या उंचीच्या रेषा, गालाच्या उताराच्या रेषा, नाकाशी दाटी, डोळ्यांशी खोल दरी. ती मधूनमधून उठून यायची, बघायची, आणि तोंडाचा पट्टा सुरू. हे नाक आहे का घाट, वसे? इथून एसटी जाईल का? मी म्हणायचे, बस गप, उतार हलतो. पण तिसऱ्या दिवशी ती बराच वेळ पत्र्यावर वाकून राहिली आणि काही बोलली नाही. जाऊन आपल्या जागी बसली. मला काय झालं सांगू, शाळेत पहिला नंबर आल्यावर झालं होतं तसं झालं. ह्या वयात.

ॲसिड संपलं होतं म्हणून आम्ही दोघी ते आणायला गेलो. आता ॲसिड कुणी असंच देत नाही, आणि देऊ नयेच. दुकानदाराने रजिस्टर पुढे केलं, ओळखपत्रं मागितली, आणि दोन पिकल्या केसांच्या बायकांकडे बघून विचारलं, माताजी, तेजाब किसलिए? कुंदाने शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "मेरे चेहरे पे डालेगी." त्याचा चेहरा पांढरा पडला. मी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि असली झापली की रस्त्यावरचे रिक्षावाले बघायला लागले. असल्या गोष्टीची चेष्टा करतात का, पोरींचे चेहरे जळतात त्याने, तुला काही आहे का मनाला. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मग म्हणाली, चुकलंच. असं ती सहसा म्हणायची नाही. ते माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

ज्या दिवशी पत्रा ॲसिडमध्ये घालायचा होता त्या दिवशी हवा सगळ्यात वाईट. शाळा बंद झाल्या होत्या. मी मेट्रोतून उतरून तिच्या खोलीपर्यंत चालत गेले तेवढ्यात माझा घसा सोलून निघाला. पहिला हप्ता झाला, कपाळाच्या बारीक रेघा, वार्निश. दुसरा, गाल, वार्निश. शेवटी राहिले डोळे, केसांचा भांग, हनुवटीखालची सावली, म्हणजे जे सगळ्यात काळं हवं ते. पत्रा पुन्हा आत गेला. कुंदा पीस घेऊन ट्रेवर वाकली.

आणि मला खोकला सुटला. साधा नाही, पोटातून येणारा. खिडकीतून धूर नुसता आत वाहत होता. मी उठले आणि खिडकी लावली. दार लावलं. दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला, सगळी दिल्ली त्या दिवसांत लावत होती तसा. म्हटलं, दोन मिनिटं लावते गं. कुंदा म्हणाली, हं.

दोन मिनिटांनी माझा खोकला थांबला. खिडकी मी उघडली नाही. विसरले असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले आहे, पण नीट आठवलं तर विसरलेही नव्हते. मी ट्रेकडे बघत होते. माझे डोळे, म्हणजे मी काढलेले तिचे डोळे, त्या पाण्यात बुडबुडे सोडत होते. कुंदाने नाक जवळ नेलं आणि म्हणाली, "पुरे आता, काढू?" मी म्हटलं, "नाही, अजून काळं हवं." तिने पुन्हा पीस फिरवायला सुरुवात केली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, अजून. खोलीत वास इतका दाटला होता की मला डोळे उघडे ठेवता येईनात, म्हणून मी दाराशी जाऊन उभी राहिले. ती वाकलेलीच. अर्धा तास तरी असेल.

छापा निघाला आणि आम्ही दोघी त्यावर वाकलो. तसं काळं मी तिच्याही कामात कधी बघितलं नव्हतं. भांगाची रेघ कागदावर बोटाला लागत होती. तिने पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, सही कर. मी सही केली. ती भिंतीला टेकून हसत होती आणि खोकत होती, आणि मला वाटलं आनंदाने खोकतेय.

त्याच आठवड्यात तिला हॉस्पिटलात हलवलं. भाची आश्लेषा द्वारकेहून धावत आली. कुंदाच्या माणसांपैकी दिल्लीत ती एकटीच. डॉक्टरांनी जुने कागद मागितले, म्हणून आश्लेषाने आत्याची पर्स उलटी केली, आणि त्यातून रिपोर्ट निघाला. दसऱ्याच्या आधीचा. फुफ्फुसं वाळत चालली आहेत, ॲसिडशी संबंध आजपासून पूर्ण बंद, असं त्यात सरळ लिहिलेलं. म्हणजे मला फोन केला तेव्हा तिला माहीत होतं. दुकानात माझी बोलणी खाताना माहीत होतं. मी टॉवेल लावत होते तेव्हाही माहीत होतं.

ऑक्सिजनचा मास्क लावलेल्या बाईवर कुणी ओरडतं का? मी ओरडले. सगळा वॉर्ड ऐकत होता. म्हटलं, तू मला वापरलंस. तुला स्वतःचं काय करायचं ते करायचं होतं, त्यात माझा हात कशाला घातलास. एक शब्द बोलली असतीस तर मी तो ट्रे उचलून नाल्यात ओतला असता. मास्कआड ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही आणि मी थांबलेही नाही. नर्सने मला बाहेर काढलं. ती वाचली. शाळेने निरोप दिला, खोली गेली, चरक लेथवाल्यानेच परत नेला, आणि कुंदा आश्लेषाकडे द्वारकेला राहायला गेली, नाकात नळी आणि पायाशी मशीन. मी गेले नाही. दोन वर्षं गेले नाही. लोकांना सांगत होते, मी रागावले आहे. आश्लेषाने सुरुवातीला फोन केले, मग तिनेही सोडलं. मी चिडलेलीच राहिले आणि कुंदाचं काय काय चुकलं ते भांडी घासताना मोठ्याने म्हणत राहिले. खिडकीचं मात्र कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आणि परवा एका आर्ट गॅलरीतून एका मुलीचा फोन आला. तिथे कुंदाच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन भरवतायत, दारातच मी काढलेला चेहरा लावायचाय. कुंदानेच तो छापा त्यांना दिला होता. मुलगी म्हणाली, "मैम, ये जो ब्लैक है, कितना डीप है, हमने ऐसा देखा ही नहीं." आणि मला विनंती केली की हे चित्र कसं झालं त्याबद्दल चार ओळी लिहून द्या, जवळची मैत्रीण म्हणून, भिंतीवर लावू.

चार ओळी. मी लिहायला बसले. लिहिलं की आमची तीस वर्षांची मैत्री, रविवार, चहा, उसाचा चरक. छान लिहिलं. वाचलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं, ह्या खेपेला साधना हा शब्द माझ्याच हातून आला. तो कागद मी इतका बारीक फाडला की केरसुणीला लागेना. त्या काळ्याबद्दल लिहायचं तर खिडकीबद्दल लिहायला हवं, आणि खिडकीबद्दल भिंतीवर लिहायचं तर आधी तिला तोंडाने सांगायला हवं. दोन वर्षं मी जिच्यावर रागावले होते तिच्यापुढे जाऊन, माझा गुन्हा होता, असं म्हणायचं. आणि ती म्हणाली असती की ऊठ, चालती हो, तर? तीस वर्षांत मला दुसरी मैत्रीण करता आलेली नाही. माझा स्वभाव तसा आहे.

शेवटी रविवारी निघाले. मेट्रोची निळी लाइन आमच्या इथून सुरू होते आणि द्वारकेला जाते. एकदा बसलं की उतरायचं नसतं, बदलायचं नसतं. दोन वर्षं मला हे माहीत होतं. यमुना आली ती दिसलीच नाही, नुसता करडा पडदा. डब्यात सगळ्यांच्या तोंडाला मास्क. करोल बाग आलं, गेलं. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि दर वाक्यात दोष हळूच तिच्याकडे सरकवत होते, असं राजेंद्र प्लेसच्या पुढे माझ्या लक्षात आलं, आणि मग मी वाक्यं जुळवायचीच सोडली.

आश्लेषाने दार उघडलं. म्हणाली, "मावशी... चलो, अच्छा झालं. आत ये." आतल्या खोलीच्या खिडक्या चिकटपट्टीने बंद केलेल्या, कोपऱ्यात हवा साफ करणारं एक यंत्र आणि पलंगापाशी ऑक्सिजनचं दुसरं. दोन्हींची घरघर. कुंदा उशांना टेकून बसली होती. खांदे तेवढे रुंद राहिले होते, बाकी सगळी आटलेली. बोटं आता पांढरी झाली होती. तिने माझ्याकडे बघितलं. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही.

मी उभ्यानेच सांगून टाकलं. म्हटलं, त्या दिवशी खिडकी मी लावली. दोन मिनिटं म्हणाले आणि उघडली नाही. विसरले नव्हते. तू दोनदा पुरे म्हणालीस आणि मला काळं हवं होतं. तुझ्यावर ओरडले ते म्हणून ओरडले. आणि वर विचारलंच, माझा स्वभाव जातो कुठे, विचारलंच की तुला ठाऊक होतं तर खिडकी उघड असं का नाही म्हणालीस?

ती श्वास गोळा करत होती. दोन-तीन शब्द झाले की थांबावं लागत होतं, मग पुढचे.

"तू खोकत होतीस," ती म्हणाली.

मला वाटलं, संपलं, सुटलं. मी पलंगावर टेकले आणि रडायला लागणार तेवढ्यात तिने हात वर केला.

"खिडकीचं... मला काही नाही. ती माझी खोली. माझं नाक. उघडायची असती... तर उघडली असती." मग तिचे डोळे बदलले. मी तो चेहरा आठवडाभर सुईने काढला आहे, त्यावरचा राग मला ओळखता येतो. "पण दोन वर्षं... वसे. हॉस्पिटलात तू ओरडलीस... मी म्हणत होते... जाऊ नकोस. तू... ऐकलंही नाहीस. दर रविवारी... मी ह्या पोरीला... दार उघडं... ठेवायला लावलं."

आश्लेषा दारातून आत आली आणि म्हणाली, आत्या, बस, दम लागेल. कुंदाने तिला हातानेच बाहेर घालवलं. तिला भांडायचं होतं. तिच्याकडे दोन वर्षांचं साठलेलं होतं, आणि ते सगळं तिला दोन-दोन शब्दांत बाहेर काढायचं होतं. माझ्यासारखं भसाभसा बोलून मोकळं होता येत नव्हतं. मी तोंड उघडलं की ती थांबायची आणि मी गप्प व्हायची वाट बघायची, आणि त्यात तिचा श्वास जायचा. दोनदा असं झाल्यावर मला कळलं.

तिने मला काय काय म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. त्यातलं एकही खोटं नव्हतं. दुपार उतरेपर्यंत ती बोलत होती, आणि दर दोन शब्दांनंतर पुढचे दोन येईपर्यंत मी थांबत होते. त्यानंतर मी मध्ये एकदाही बोलले नाही.